भोरहून आणलेला कागद

माझ्या आईला सकाळी मूठ मिटता येत नसे. हे मला कळू लागले तेव्हा मी मराठी तिसरीत असेन. तोवर सगळ्यांच्याच आया सकाळी तशाच उठत असतील असे मला वाटत होते. आई चुलीपाशी बसायची, तपेल्यात पाणी कोमट करायची आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवून गप्प राहायची. म्हैस हंबरत असे, कोंबड्या डालग्यात धडपडत असत, पण आई हलत नसे. बऱ्याच वेळाने ती एकेक बोट वाकवून बघायची. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचे. शेवटी अंगठा हलला की "चला" म्हणून उठायची. ते "चला" ती कोणाला म्हणायची कोणास ठाऊक. बहुधा हातांनाच.

जात्याचा खुंटा तिला एकटीला धरवत नसे. म्हणून दळताना मी समोर बसायचो. खुंट्यावर माझे हात आणि त्यांच्यावर तिचे तळवे. ओढायचो मी आणि दमायची ती.

तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि केसांच्या कडेने लाल चट्टे होते. त्यांवर पांढरे, चकचकीत पापुद्रे धरत आणि सुटून पडत. सगळ्यांच्या आधी उठून ती आपली वाकळ अंगणात झटकायची आणि निजलेली जागा झाडून घ्यायची. केरात पांढरा भुसा दिसे. आमच्या पासली गावात घरोघर भात कांडतात, त्यामुळे मला तो कोंडाच वाटे. तिच्या नखांवर बारीक खळगे होते, शिंप्याच्या बोटातल्या टोपणावर असतात तसे.

गावाला हे सगळे दिसत होते. त्यावर गावाचे म्हणणे एवढेच, की हिच्या अंगात उष्णता फार. ज्याला जे सुचेल ते तो सांगे. निरगुडीचा पाला उकळून शेक झाला, करंजाचे तेल झाले. एका वर्षी कोणी तरी तिला पाच महिने आळणी जेवायला सांगितले. वडीलही तिच्याबरोबर आळणी जेवू लागले. "तुमी कशापायी?" असे आईने विचारले तर म्हणाले, "मीठ म्हाग झालंय." पाच महिन्यांनी चट्टे होते तेवढेच होते आणि वडील दोन दिवस लोणच्याच्या बरणीपाशी बसून होते.

आमच्याकडे भाताची आवणी सावडीने होते. आज सगळ्या बायकांनी माझ्या खाचरात रोपे लावायची, उद्या तुझ्या, परवा तिच्या. मजुरी नाही. ज्या घरचे खाचर असेल त्या घरच्या बाईने सगळ्यांना दुपारी आपल्या हातची भाकरी वाढायची, एवढीच रीत. पावसासाठी डोक्यावर पानांची इरली घेऊन बायका चिखलात एका ओळीत वाकतात आणि मागे मागे सरकत जातात. सगळ्यांत पुढे आमच्या शेजारची म्हातारी असे. तिला सारा गाव आत्या म्हणे. आईची जागा तिच्या उजव्या हाताला. दुपारपर्यंत आईची बोटे सैल झालेली असत आणि मग तिची ओळ कोणापेक्षा मागे पडत नसे.

"काय गं, तुझी नखं उंदरानं खाल्ली का नवऱ्यानं?" आत्या वाकल्या वाकल्या विचारायची.

"उंदीर बरा, आत्या. त्यो निदान उजाडल्यावर तरी जातो."

मग ओळीतल्या सगळ्या जणी हसायच्या आणि बांधावर बसलेले वडील तंबाखूची पिशवी शोधायला लागायचे. मला वाटते, आईचे दुखणे त्या हसण्यात कुठे तरी सामावून गेले होते. त्याला कोणी नाव दिले नव्हते आणि नावाची कोणाला गरजही पडली नव्हती.

नावाची गरज मला पडली. ते मला आता लिहायचे आहे, आणि ते कसे लिहावे हे मला नीट कळत नाही.

इंग्रजी शिकायला मी भोरला गेलो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. सुट्टीत घरी येई तेव्हा दर वेळी आई थोडी अधिक वाकलेली दिसे. एका सुट्टीत तिच्या उजव्या हाताचे मधले बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून केळ्यासारखे झालेले दिसले. त्याच वर्षी शाळेत आरोग्याच्या पुस्तकात मी महारोगाचे पान वाचले होते. अंगावर चट्टे, बोटे वाकडी. भोरच्या बाजाराच्या दिवशी पुलाच्या तोंडाशी ते दुखणेकरी फडके पसरून बसत आणि मी त्यांच्याकडे न बघता पलीकडच्या कडेने जात असे. त्यांच्यातही कोणाची आई असेल, असा विचार मनात येत नव्हता. त्यांची बोटे तेवढी डोळ्यांसमोर राहत.

मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी येताना मी भोरच्या बाजारातून एक पितळी पेला विकत घेतला. घरी सांगितले, "पुढे पुण्याला कॉलेजात जायचे आहे, आपला आपला पेला लागतो, सवय असलेली बरी." आईने तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"ब्येस हाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी त्याच पेल्याने पाणी पिऊ लागलो. आई तो राखेने वेगळा घासायची आणि फळीवर वेगळा, पालथा ठेवायची. मी तसे करायला सांगितले नव्हते.

महिनाभराने मीच हट्ट धरला, की आईला भोरच्या दवाखान्यात न्यायचे. वडिलांना वाटले, पोरगा शिकला आणि त्याला आईची काळजी वाटू लागली. तसे त्यांना वाटू दिले.

वेल्ह्यापर्यंत बैलगाडी मिळाली. पुढे पालीला मावशीकडे मुक्काम केला. राजगडाच्या पायथ्याला मावशीचे घर आहे. तिने बहिणीची ती बोटे बघितली आणि एका ताटात दोघींना पुरेल एवढा भात वाढून आणला. दोघी एकाच ताटात जेवल्या. आईला घास नीट करता येत नव्हता, तर मावशीच घास वळून तिच्या पुढ्यात ठेवत होती आणि मधूनच एखादा स्वतः खात होती. मी माझ्या पिशवीतून पेला काढला होता. तो मी परत पिशवीत ठेवला आणि त्या संध्याकाळी पाणी प्यालो नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगले वर आल्यावर निघालो, कारण त्याआधी आईचे गुडघे उचलत नसत. भोरच्या वाटेवरची खिंड चढताना ती दर दहा पावलांवर थांबे. मी पुढे जाऊन उभा राहत असे. तिला हात द्यायला हवा होता.

दवाखान्यातले डॉक्टर शांत होते. त्यांनी आईला बाकावर बसवले, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची एक वात करून तिच्या चट्ट्यांवर टेकवू लागले.

"कुठे लागले ते बोटाने दाखवा."

आईने वाकड्या बोटाने बरोबर जागा दाखवली. दुसऱ्या चट्ट्यावरही दाखवली. पाठीवर, घोट्याजवळ, जिथे वात टेकली तिथे. मग डॉक्टरांनी टाचणी घेतली.

"अगं आई," आई दचकून म्हणाली.

डॉक्टर हसले. "सगळे कळते आहे की बाईंना."

मग त्यांनी तिचे केस बाजूला करून पाहिले, नखे खिडकीशी धरून पाहिली आणि माझ्याकडे वळून सांगितले, "तुमच्या मनात आहे ते हे नाही. त्यात चट्ट्याला काही कळत नाही. ह्याला सोरायसिस म्हणतात. सांध्यांची सूज त्याच्याच पोटातली असावी, असे काही डॉक्टर मानतात. मलाही तसेच वाटते. एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण मुळापासून बरा होतो असेही मी सांगणार नाही. कमी होईल, पुन्हा येईल. जन्मभर सांभाळायचा."

"तुमच्या मनात आहे ते," असे ते म्हणाले तेव्हा आई डोळे मिटूनच बसली होती. उघडा असे तिला कोणी सांगितले नव्हते. ती म्हणाली, "आवनीपातुर हात चालत्याल का, दागदरसाहेब? सावडीला जाया पायजे."

"बघू," डॉक्टर म्हणाले.

एवढे एकच तिने विचारले. बाकीचे सगळे मी विचारले, आणि शेवटी म्हणालो, "हे मला मराठीत लिहून द्या. महारोग नाही असे. शिक्क्यानिशी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण लिहून दिले.

औषधाच्या खिडकीशी भोरचेच एक मुसलमान कंपाउंडर होते, पिकलेल्या दाढीचे. त्यांनी बाटलीत सांध्यांचे औषध भरले आणि तिला कातरीने दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. एक दाता म्हणजे एक वेळ. मग डबीत डांबराचे काळे मलम भरता भरता त्यांनी माझ्या हातातला कागद वाचला.

"ह्यो कुनाला दावनार, बाळ?"

"गावाला."

"गाव इचारतंय का?"

"अजून नाही."

"मग खिशात ऱ्हाऊ दे. न इचारता सांगितलं की लोक घरी जाऊन इचार करत बसत्यात." मग आईकडे वळून म्हणाले, "वैनी, मलम लावल्यावर पांढरं लुगडं नेसू नका. नवरा वळखायचा न्हाई तुमास्नी."

"त्येंनी तसं बी वळखलेलं न्हाई अजून," आई म्हणाली. ती त्या दिवशी खुशीत होती. चट्ट्याला कळते ही चांगली गोष्ट असते, असे तिला पहिल्यांदाच कोणी सांगितले होते.

तो उन्हाळा आमच्या घरातला सगळ्यांत चांगला होता. डॉक्टरांनी चट्ट्यांवर ऊन घ्यायला सांगितले होते. पण खेड्यातल्या बाईने पाठ आणि गुडघे उघडे टाकून कुठे बसायचे? वडिलांनी कारवीच्या काठ्यांची ताटी विणली आणि घरामागे उगवतीकडे तोंड करून तिचा आडोसा केला. आई रोज मलम लावून तिथे बसायची. घरभर डांबराचा वास. बाटलीतल्या औषधाने तिच्या कानात सारखे गुणगुणायचे. "रातकिडं पाळल्यात म्या कानात," ती म्हणायची, पण एक वेळही चुकवायची नाही. हळूहळू पापुद्रे धरायचे थांबले. कोपरांची कातडी गुलाबी, मऊ दिसू लागली. मधल्या बोटाची सूज उतरली. एका सकाळी मी अंथरुणात असताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि पैलवानासारखी मूठ वळून दाखवली.

"बघ."

मूठ पुरती मिटलेली होती. अंगठा वर.

मला फार आनंद झाला. मी जे पुढे केले ते त्या आनंदात केले, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

आवणीच्या आधी कोणाच्या खाचराला कोणता दिवस हे ठरवायला गाव देवळात बसतो. मी कधी त्या बैठकीला गेलो नव्हतो. त्या वर्षी गेलो. डांबराच्या वासाबद्दल एकदोघांनी विचारले होते. लोकांच्या मनात शंका असेल, ती शिकलेल्या माणसाने एकदाची दूर करावी, असे मी ठरवले. शंका माझ्या मनात होती. ती गावाच्या मनात आहे असे मी धरून चाललो.

मी उभा राहिलो आणि कागद वाचला. शाळेत कविता म्हणतात तसा, मोठ्याने, थांबून थांबून. या बाईस महारोग नाही. हा विकार संसर्गाने होत नाही. खाली सही, शिक्का.

मग एका म्हाताऱ्याने विचारले, "म्हंजी मास्तर, तुमच्या आईला महारोग न्हाई."

मी मॅट्रिकला बसल्यापासून गावातले मला मास्तर म्हणत.

"नाही."

"आमी कवा म्हनलं हाय म्हनून?"

"तुम्ही नाही म्हणालात. पण कोणाला शंका असली तर..."

"कुनाला?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"माझ्या बैलाला बुळकांडी न्हाई, असा कागद काय म्या भोरास्न आनत न्हाई," दुसरा एक जण म्हणाला. दोघेतिघे हसले. "मनात आल्याबिगर कोन खिंड वलांडून जातंय?"

"शिकल्याला हाय त्यो. त्येला ठावं असंल," तिसरा म्हणाला. तो हसत नव्हता.

वडील माझ्याकडे न बघता जमिनीवर काडीने रेघा ओढत होते. मग दिवस ठरले. आमचा दिवस नेहमीसारखाच तिसरा.

घरी गेल्यावर वडिलांनी आईला काही सांगितले नाही. मीही नाही. पण देवळात झालेले बोलणे संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचते, हे मला माहीत असायला हवे होते.

पहिले दोन दिवस आई दुसऱ्यांच्या खाचरात लावणीला गेली. मी तालुक्याच्या कचेरीत कॉलेजासाठी दाखला काढायला गेलो होतो, त्यामुळे तिथे काय झाले ते मला ठाऊक नाही. आल्यावर तिने एवढेच सांगितले, की आत्याच्या शेजारी तिची सून उभी होती, म्हणून आपण कडेला लावले. "कडंला चिखुल मऊ असतो," ती म्हणाली.

आमच्या दिवशी ती फार लवकर उठली. तपेल्यात हात बुडवून बसली नाही, कारण तशी गरजच नव्हती. नाचणी तिने एकटीने दळली. मी जात्याशी बसायला गेलो तर म्हणाली, "सरक, माझ्या हाताला काम करू दे." वडिलांनी ओढ्यातले खेकडे धरून आणले होते. त्यांचे कालवण, नाचणीच्या भाकऱ्या, आणि आत्याला दात नाहीत म्हणून तिच्यासाठी मऊ भाताची वेगळी वाटी. पाटी भरली, वर फडके बांधले.

बायका आल्या. एकही कमी नव्हती. सकाळभर रोपे लावली. पाऊस बारीक होता. आई आपल्या खाचरात मधोमध होती, आणि आत्याच्या जवळ जागा नव्हती तरी तिची ओळ सगळ्यांत सरळ होती.

दुपारी सगळ्या बांधावर बसल्या. आईने पाटी आणून ठेवली आणि फडके सोडले. तेव्हा बायकांनी आपापल्या ओच्यातून एकेक गाठोडे काढले. प्रत्येकीच्या गाठोड्यात घरची भाकरी होती.

"अगं, ह्ये काय?" आईने विचारले.

"सकाळची उरली व्हती, वैनी. वाया कशाला."

"माझ्या सासूनं बांधून दिली. ऐकत न्हाई बया."

"मला आज खेकडं वर्ज हायती."

त्या सगळ्या खाली बघून बोलत होत्या. कोणी वाईट बोलले नाही. आत्याकडे तेवढे गाठोडे नव्हते. आईने मऊ भाताची वाटी तिच्यासमोर ठेवली आणि वर कालवण घातले. आत्याने भात कालवला, घास केला आणि तो बोटांत धरून तशीच बसली. तिची सून शेजारी होती.

"आत्याबाई, सकाळपास्न पोट बिघडलंय न्हवं तुमचं?" सून म्हणाली.

आत्याने सुनेकडे पाहिले, मग आईकडे.

"व्हय गं," ती म्हणाली. "बिघडलंय." घास तिने वाटीच्या कडेला ठेवला आणि हात पावसाच्या पाण्यात धुतला. "ऱ्हाऊ दे पोरी. परत कवातरी खाईन."

आईने पाटीवर फडके परत बांधले. गाठ मारताना तिची बोटे चांगली चालत होती. डॉक्टरांनी टाचणी टोचली तेव्हा ती दचकली होती. इथे ती दचकली नाही, एवढाच फरक. संध्याकाळी ती पाटी वडिलांनी म्हशीपुढे ठेवली.

दुसऱ्या दिवशी आई इरले घेऊन सावडीला निघाली आणि थोड्या वेळाने परत आली. इरले डोक्यावर तसेच होते आणि गुडघ्यापर्यंत पाय स्वच्छ होते. मी विचारले नाही, पण तिनेच सांगितले.

"म्हनाल्या, वैनी, हात दुखत्याल तुमचं. तुमी बसा घरी, आमी सांभाळून घिऊ. म्या मूठ करून दावली. तरी म्हनाल्या, ऱ्हाऊ द्या." मग थोड्या वेळाने म्हणाली, "लई मायेनं म्हनाल्या."

मी पुण्याला कॉलेजात गेलो. जाताना पेला घेऊन जायला विसरलो. तिथून मी पत्रे पाठवी. ती वेल्ह्याच्या शाळामास्तरांकडून वाचून घ्यावी लागत, म्हणून त्यांत काही विशेष लिहीत नसे. मलम संपले असेल तर भोरहून मागवा, असे मात्र दर पत्रात लिहीत होतो.

पुढच्या आवणीला मी आठ दिवसांची रजा काढून घरी आलो. दुपार होती. आई आणि वडील दोघेच खाचरात होते. त्या वर्षी बायका आमच्याकडे यायला तयार होत्या, पण आईनेच नको म्हटले होते. "मला त्येंच्यात जाऊ देत न्हाईत, मग त्येंनी माझ्यात का यावं," एवढे ती म्हणाली होती. वडिलांनी हे मला बांधावरच सांगितले.

तिची कोपरे पुन्हा लाल झाली होती, कपाळापर्यंत चट्टे आले होते. मधले बोट सुजलेले होते आणि आता त्याच्या जोडीला अंगठाही. रोप तिला चिमटीत धरता येत नव्हते. ती ते तळव्याच्या कडेने चिखलात दाबायची, आणि ती मागे सरकली की ते पाण्यावर तरंगायचे. तिच्या पुढ्यातून वडील येत होते आणि तरंगलेली रोपे पायाच्या अंगठ्याने परत रोवत होते. ओळ कुठेच नव्हती.

मी धोतर खोचून चिखलात उतरलो आणि तिच्या शेजारी लावू लागलो.

"मलम लावत नाहीस?" मी विचारले.

"न्हाई."

"का?"

"वास येतो. वासानं लोकांस्नी आठवतं."

आम्ही थोडा वेळ लावत राहिलो. वडील मूठभर रोपे आणायला तरव्याच्या वाफ्याकडे गेले. आई कमरेवर हात ठेवून सरळ झाली.

"तुला एक इचारू?"

"विचार की."

"त्यो कागद. त्यो तू गावासाठी घेतला व्हतास?"

चिखलातून हात काढून मी तो उगाच धुऊ लागलो. त्या वेळी खरे सांगायला हवे होते. आसपास कोणी नव्हते, आणि ती रागावलेलीही नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचे होते.

"हो," मी म्हणालो. "गावासाठी."

"व्हय," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

रोपे संपली तेव्हा मला तहान लागली होती. बांधावर आईची पाण्याची कळशी होती आणि तिच्या तोंडावर तिचा तांब्या उपडा ठेवलेला होता. मी मुद्दाम तिच्यादेखत तो तांब्या उचलला आणि कळशीत बुडवला. मला वाटते, माझी कबुली मी तशी द्यायला निघालो होतो, बोलता येत नव्हते म्हणून.

"त्यो नगं," आई म्हणाली. तिने वाकड्या हाताने बांधाच्या कडेला दाखवले. तिथे माझा पितळी पेला होता, राखेने घासून पालथा ठेवलेला. मी येणार असे पत्र आले होते, म्हणून तिने तो सकाळीच घरून बरोबर आणला होता.

"तुझा पेला तकडं हाय."

तिने टोमणा मारला नव्हता. मुलगा कशाने पाणी पितो हे आईच्या लक्षात असते, तसेच ते होते. मी तांब्या खाली ठेवला, पेला उचलला, आणि तिने कळशी दोन्ही मनगटांनी तोलून मला त्यात पाणी ओतून दिले. पेल्याला तिचे बोट लागू नये म्हणून ती कळशी जरा वर धरत होती. त्यामुळे निम्मे पाणी माझ्या हातांवर सांडले.